मंजुळाबायचा हात आणि पुढचा एक्सल

वेसाव्याच्या कोळीवाड्यात मंजुळा नावाची बाई शोधायला गेलात तर दर गल्लीत एक सापडली असती. पण पिकअपवाली मंजुळा म्हटलं की सगळ्यांची बोटं एकाच दाराकडे वळायची. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. अंधेरीच्या पश्चिमेला मालाची गाडी चालवणारी दुसरी बाई तेव्हा मी तरी पाहिली नव्हती. अंगाने दणकट, कोळणीचं लुगडं घट्ट कसलेलं, अंबाड्याला अबोलीचा गजरा, पायात रबरी चपला. गाडीत चढताना चपला काढून सीटखाली सारायची आणि अनवाणी पायाने क्लच दाबायची. का, म्हणून एकदा विचारलं तर म्हणाली, "पायाना कळाया नको काय, गाडी काय बोलते ते?"

मी सहदेव. अंधेरीजवळच्या आंबोलीला माझं छोटं गॅरेज होतं. मूळचा देवगडकडचा, बाप गिरणीत होता, मला लहानपणापासून यंत्रं उघडून बघायची खोड. गाडी दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. मला ती का बिघडली हे कळल्याशिवाय घास गोड लागत नाही. हा स्वभाव धंद्याला बरा नाही असं माझी बायको प्रेमा रोज ऐकवायची, आणि ती चुकीचं बोलत नव्हती.

तर मंजुळा गाडीवर कशी आली ते आधी सांगतो. गल्लीतल्या कोळणी मासळी अंधेरीच्या बाजारात न्यायला भाड्याचा टेम्पो बोलवायच्या. टेम्पोवाला स्वतःला जहागीरदार समजायचा. मनात आलं तर यायचा, नाहीतर बर्फ वितळून पाटीतली पापलेटं मऊ पडली तरी चहा पीत बसायचा. शेवटी त्यांची म्होरकी सोनूबाई हिने सगळ्यांना एकत्र करून लिलावातली एक जुनी मिलिटरी जीप मिळवली. मागची बाजू कापून तिला पिकअपचा हौदा बसवला. गाडी आली, पण चालवणार कोण? पुरुष समुद्रावर. मंजुळेचा नवरा अनंत तर बोटीवरून उतरला की नुसता झोपायचा. तेव्हा मंजुळा म्हणाली, मी शिकते. सगळ्या हसल्या. त्या हसत असतानाच ही जाऊन मोटार स्कूलमध्ये नाव घालून आली. परीक्षेला साहेबाने म्हणे तिला चढावर गाडी थांबवून परत चालू करायला लावली, दोनदा लावली, आणि गाडी तसूभर मागे गेली नाही तेव्हा त्याने निमूट सही केली.

गाडी उंच करण्याची कल्पना तिच्या सासऱ्याची. महादूमामा होड्या बांधणारा सुतार. वेसाव्यापासून मढपर्यंत त्याच्या हातच्या होड्या पाण्यावर होत्या आणि त्यातली एकही वाकडी चालत नाही असं तो स्वतःच सांगत असे. मासळी उतरवायला गाडी थेट वाळूत, पाण्याच्या काठापर्यंत न्यावी लागे, आणि भरतीचं खारं पाणी एक्सलपर्यंत चढे. मामाने ठरवलं, गाडी उचलायची. रस्त्याकडेच्या एका वेल्डरला हाताशी धरून त्याने पुढचे-मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, एक्सलच्या खालून काढून वर चढवले आणि खाली ट्रॉलीचे मोठे टायर घातले. गाडी चांगली हातभर उंच झाली. वाळूतून ती अशी निघायची की बघत राहावं. कोळीवाड्याने नारळ फोडला, मामाने सगळ्यांकडून शाबासकी घेतली.

आणि डांबरी रस्त्यावर पहिल्याच फेरीपासून गाडी भरकटायला लागली. वाळूत ठीक, गल्लीत ठीक. पण वेसाव्याच्या रस्त्याला लागून जरा वेग घेतला, एखादा खड्डा लागला, की स्टिअरिंग एका बाजूला ओढ घ्यायचं. मंजुळा खेचून सरळ करायची, तर ते दुसऱ्या बाजूला धावायचं. मागे पाट्या धरून बसलेल्या कोळणी एकमेकींवर आदळायच्या. एकदा गाडी सायकलवाल्याच्या इतकी जवळून गेली की त्याने उतरून शिव्या दिल्या.

महादूमामाने निदान केलं, "बाईचा हात. हालतो."

एवढंच बोलला, पण बोलणारा महादूमामा. गल्लीभर झालं. सोनूबाईचा भाचा दत्ताराम, जो टॅक्सीवर बदली ड्रायव्हर होता, त्याला एक दिवस गाडीवर बसवलं. त्याच्याही हातात गाडी नागमोडी गेली. पण तो उतरून म्हणाला, "रोड काय थर्ड क्लास आहे, यार," आणि सगळ्यांनी माना हलवल्या. हा न्याय मला अजून कळलेला नाही. दत्ताराम चालवतो तेव्हा रस्ता वाईट आणि मंजुळा चालवते तेव्हा हात वाईट! मला हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. असो. रविवारी सगळ्या कोळणी बसून ठरवणार होत्या, गाडी दत्तारामकडे द्यायची की मंजुळेकडे ठेवायची.

त्या आठवड्यात मंजुळा गाडी घेऊन माझ्याकडे आली. खाली उतरली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मिस्त्री, मना एकच सांग. माजा हात हालतो का गाडी हालते? हात हालत असंल तर मी सोताच चावी देईन. पन खरा सांग."

डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. पण चावीभोवती तिची मूठ अशी आवळलेली होती की मला पुढे काही विचारवलं नाही. म्हटलं, "चल, मी बाजूला बसतो. अंधेरीपर्यंत जाऊन येऊ."

त्या फेरीत मी रस्त्याकडे पाहिलंच नाही, तिच्या हातांकडे पाहिलं. पाट्या वाहून तयार झालेले हात, मनगटं माझ्याहून जाड. खड्डा आला, स्टिअरिंगने ओढ घेतली, आणि ती ओढ आधी स्टिअरिंगला आली, मग तिच्या हाताला. एवढं मला साफ दिसलं. पण मला दिसून काय उपयोग? सोनूबाईला दाखवायला हातात काहीतरी लागतं. झिजलेला नट, तुटलेला बेअरिंग, काहीतरी.

मग मी शोधायला लागलो. महादूमामा दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन गॅरेजच्या बाकावर बसला. कशाला आला विचारलं तर म्हणाला, "बगाया."

पहिला संशय टायरवर. एवढं मोठं चाक, जरा अंडाकृती असलं तरी गाडी नाचवणार. जॅक लावून चाक फिरवलं आणि शेजारी खडू धरला. चाक गोल असेल तर खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटते. एका टायरला रेघ मधेच तुटत होती. तो मागे टाकला, मागचा पुढे आणला. फेरी मारली. गाडी होती तशीच.

मग चाकांचे बेअरिंग. उघडून पाहतो तर ग्रीसमध्ये खारं पाणी शिरून त्याचं पांढरं श्रीखंड झालेलं. मनात म्हटलं, सापडलं! सगळं धुऊन, नवीन ग्रीस भरून, नट बेताने आवळून बसवलं. चाक वर-खाली धरून हलवलं तर जराही ढिलं नाही. फेरी मारली. गाडी तशीच. मामाने बाकावरून विचारलं, "गावला काय?"

"नाय."

"मंग?" असं म्हणून त्याने सुनेच्या हाताकडे बघितलं. मला पान्हा फेकून मारावासा वाटला.

तिसरा संशय किंगपिनवर. चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं ती खुंटी फार सैल असली तर चाक फडफडतं. ते मोजायला स्प्रिंगचा काटा लागतो, आकडा अडकवून ओढायचा आणि किती जोर लागतो ते बघायचं. माझा काटा कुणीतरी नेऊन परत दिला नव्हता. मी मंजुळेला म्हटलं, "तुमच्यात असेल की काटा, घेऊन ये."

ती हसायला लागली. "आमच्यात काटा खय असतो, मिस्त्री? आमच्यात वाटा असतो!"

खरंच की. कोळीण मासळी वाट्यावर विकते, डोळ्याने वाटा लावते, वजनाचा तिला राग. आणि हे "खय" खास माझ्या मालवणीची थट्टा करायला. शेवटी भंगारवाल्याचा काटा आणला. खुंटी ओढून पाहिली, जोर हवा तेवढाच लागला. मग पुढची दोन चाकं एकमेकांना जोडणाऱ्या टाय रॉडची टोकं पाहिली. एक सैल होतं, ते बदललं. फेरी मारली. गाडी तशीच.

आता मात्र मी चिडलो नाही, उलट मला मजा वाटायला लागली. पुढच्या एक्सलचा एकूण एक सांधा घट्ट आहे, आणि तरी गाडी भरकटते. म्हणजे काहीही झिजलेलं नाही, काहीही तुटलेलं नाही. मग बिघाड कुठे राहतो? असं कोडं वर्षातून एखादंच मिळतं. मंजुळेचा चेहरा मात्र उतरत चालला होता. एकेक भाग चांगला निघत होता तसतसा दोष तिच्या हाताकडे सरकत होता, आणि ते तिला समजत होतं.

शनिवारी सकाळी चहा घेताना मी तिला म्हटलं, "बाय, हे भाग-बिग सोड. खड्डा लागल्यावर हाताला नेमकं काय होतं ते सांग. माझ्या भाषेत नको, तुझ्या भाषेत."

तिने बशीतला चहा संपवून बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "सुकाणू चावतो तसा होतं."

"म्हणजे?"

मग तिने सांगितलं. तिचं माहेर खाडीपलीकडे मढला. बाप धर्मा, खाडीतली होडी चालवायचा, इकडची माणसं तिकडे. पोर असताना ही बापाबरोबर होडीत असायची, आणि बाप शीड बांधत असला की सुकाणू हिच्या हातात. "होडी पुढं जात असंल तर सुकाणू गरीब. एका बोटानं धर. पन किनाऱ्यावरून मागं लोटली का, तो चवताळतो. जरा वाकडा झाला का आनखी वाकडा व्हाया बगतो. हातातून सुटला तर बरगडीत बसतो. बाबा वरडायचा, दोन्ही हातांनी धर गो! ही गाडी तशीच करते. पुढं जाते पन वागते मागं गेल्यावानी."

माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. पुढे जाते, पण वागते मागे गेल्यासारखी! मी आठवडाभर एक्सलखाली लोळत होतो आणि हिने बसल्या जागी सांगून टाकलं.

"वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं?" मी विचारलं.

"आपोआप? ता कवा येतं? मीच आनते ओढून."

"स्कूलच्या गाडीत?"

"तिथं यायचं." मग तिचीच भुवई चढली. "मना वाटलं, टायर मोठं, म्हनून जड."

मी उठलो. म्हटलं, ओहोटी कधी आहे? चला वेसाव्याला.

ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी कडक असते. मी मंजुळेला म्हटलं, "आता रिव्हर्स टाक, जेवढी पळवता येईल तेवढी पळव आणि मी सांगितलं की हात सोड." महादूमामाला वाटलं आमचं दोघांचं डोकं फिरलं. जाळी विणणारी माणसं उठून उभी राहिली. गाडी मागे निघाली. मी ओरडलो, "सोड!" मंजुळेने दोन्ही हात मांडीवर ठेवले. आणि ती उंच, मोठ्या टायरची गाडी पाठमोरी अशी सरळ गेली की वाळूवरचे चाकांचे पट्टे दोरी धरून काढल्यासारखे. मग पुढे चालवून हात सोडायला लावले. जरा गेली आणि वळून पाण्यात शिरायला निघाली.

मी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. आता काय बघायचं ते माहीत होतं. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडाची एक पाचर असते, एका बाजूने जाड, एका बाजूने पातळ. तिच्यामुळे एक्सल थोडा कलतो. सायकल सीटला धरून पुढे ढकला, हँडल आपलं आपण सरळ राहतं. मागे ओढा, हँडल गर्रकन फिरतं. पुढच्या चाकाची खुंटी कशी कललेली आहे यावर सगळा खेळ. खुंटीचं डोकं मागे झुकलेलं हवं. या गाडीचं पुढे झुकलेलं होतं. पाचरीची जाड बाजू पुढच्या अंगाला होती, दोन्हीकडे.

मी बाहेर आलो आणि अंगावरची वाळू न झटकताच विचारलं, "मामा, ह्या पाचरी कुणी केल्या?"

"मी. लाकडाचा साचा केला, लोहाराकडून घडवून घेतल्या. का?"

"जाड बाजू पुढे का ठेवली?"

मामाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आपण हे विचारलंच का, असं मलाच वाटलं. "मंग कुटं ठेवनार? नाळ वर नको काय?"

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. साठ वर्षं ज्याने एकही होडी नाळ उचलल्याशिवाय बांधली नाही, तो माणूस पाचर दुसरी कशी बसवणार? आणि आणखी एक. जुन्या पाचरी काढताना त्याने नीट पाहून ठेवलं होतं, त्यांचीही जाड बाजू पुढेच होती. ते खरंच होतं, कारण तेव्हा पाटे एक्सलच्या खाली होते. पाटे वर गेले की तीच पाचर उलटं काम करते. मापात एका सुताची चूक नव्हती. चुकली होती ती फक्त दिशा.

हे सगळं मी त्याला सांगितलं, माझ्या मानाने गोडीने सांगितलं. तो ऐकत राहिला. मग वाळूतल्या त्या दोन सरळ पट्ट्यांच्या कडेने चालून आला. मी वाट बघत होतो, मंजुळा काहीतरी सुनावेल, मी असतो तर सुनावलं असतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, घन घरातला आनू का तुमचा?"

पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट गंजून चिकटले होते. मी तेल सोडलं, मामाने घन घातला. पाचरी त्याने स्वतःच्या हाताने काढल्या, फिरवल्या आणि जाड बाजू मागे करून बसवल्या. बसवताना एकदा थांबला, तोंडातल्या तोंडात "नाळ खाली जाते" म्हणाला, आणि पुन्हा आवळायला लागला. मी मंजुळेला बजावलं, एक्सल असा कलल्यामुळे पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर पोचवणाऱ्या शाफ्टचा सांधा आता जरा जास्त वाकून फिरेल. वाळूत चारही चाकांना जोर लावशील तेव्हा हळू जा, ग्रीस विसरू नकोस. गाडीला एक दिलं की ती दुसरं मागतेच.

पण खरी परीक्षा अजून व्हायची होती. रविवारी सोनूबाई म्हणाली, "पाचर-बिचर आमाला काय कळत नाय. गाडी भर, आमी मागं बसतो. मंग बोलू." दत्ताराम इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होता. हौद्यात पाट्या, पाट्यांवर कोळणी, कोपऱ्यात मी. पुढे मंजुळेच्या शेजारची जागा रिकामी होती. महादूमामा आजवर त्या जागेवर कधी बसला नव्हता. कोण जाणे काय मनात आलं, लुंगी सावरून चढला आणि दार लावून घेतलं.

रस्त्याला लागलो. वेग वाढला तशा मागच्या बायका सवयीने एकमेकींना धरून बसल्या. सायकलवाला वाचला होता त्याच जागेचा खड्डा आला. गाडी उडाली, खाली बसली, आणि सरळ गेली. सोनूबाईने धरलेला माझा दंड सोडला. कुणीतरी "आई गं" म्हणायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

पुढे रस्ता मोकळा होता. मागच्या काचेतून मला मंजुळेचे खांदे दिसत होते. तिने एकदा सासऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. गाडी जात होती. बाजूची झाडं जात होती. महादूमामाने आधी स्टिअरिंगकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या हातांकडे, मग समोरून येणाऱ्या बसकडे, आणि दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून तो असा ओरडला की मागे आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

"हात! अगो हात ठेव! सुकान्यावर हात ठेव!"

"कुनाचा ठेवू, बाबा?" मंजुळेने विचारलं. "दत्तारामाचा?"

"तुजा गो बाय!" म्हातारा रडकुंडीला येऊन म्हणाला. "तुजाच ठेव!"